परिषदेचे नारळ

आमच्या घरात माकड शिरलं ते खिडकीतून नव्हे, निकिताच्या लॅपटॉपमधून. निकिता माझी मुलगी. पुण्याला ॲनिमेशनचा कोर्स करून ती इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटवर परत आली आणि मागच्या खोलीचं दार लावून एक छोटी फिल्म बनवत बसली. वणीच्या गडावर एक माकड एका म्हाताऱ्याच्या पिशवीतला नारळ पळवतं आणि म्हातारा त्याच्या मागे लागतो, एवढीच गोष्ट. चहा निवायच्या आत संपणारी ही फिल्म बनवायला तिला वर्षाच्या वर लागलं. मी ओझरच्या विमान कारखान्यात उभा जन्म काढलेला माणूस. तेवढ्या वेळात आमच्याकडे अख्खं विमान बाहेर पडायचं, हे मी तिला अधूनमधून ऐकवत असे.

"विमान एकदाच बनवतात, पप्पा. माकड प्रत्येक चित्रात नव्यानं बनवावं लागतं," ती म्हणायची.

शेजारीपाजारी विचारत, "निकिता काय करते हल्ली?" माकड करते, असं सांगणं बरं दिसत नाही. ॲनिमेशन करते म्हटलं की समोरचा "म्हणजे कार्टून?" असं विचारून माझ्याकडे दयेनं बघे. म्हणून मी "कॉम्प्युटरमध्ये आहे" असं सांगायला लागलो. कॉम्प्युटरमध्ये असलेल्या माणसाला आपल्याकडे पुढचं कुणी विचारत नाही.

शेवटी माझ्या पत्नीच्या, सावित्रीच्या मध्यस्थीनं आमच्या घरात एक तह झाला. दिवाळीपर्यंत निकिताला एखाद्या चांगल्या स्टुडिओत काम मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर माकड कायमचं बंद आणि बँकेच्या परीक्षेचा क्लास सुरू. तह झाला तेव्हा गणपती तोंडावर आले होते.

"तुम्ही ती फिल्म बघितलीत का एकदा तरी?" सावित्रीनं मला विचारलं.

"पूर्ण झाली की बघेन," मी म्हणालो. अर्धवट बनलेल्या वस्तूवर मत द्यायचं नाही, ही कारखान्याची शिस्त आहे.

फिल्म पूर्ण झाली आणि नवरात्राच्या आसपास निकिता नाचतच स्वयंपाकघरात आली. हैदराबादच्या एका मोठ्या स्टुडिओत नवीन माणसं निवडणारा सार्थक खैरनार नावाचा गृहस्थ होता. मूळचा सटाण्याकडचा. चुलतभावाच्या लग्नाला तो गावी येणार होता आणि जाताना नाशिकला थांबून इथल्या पोरापोरींचं काम बघायला तयार होता. संध्याकाळच्या विमानानं ओझरहून परत जाणार होता. निकितासारखीच ॲनिमेशन, व्हीएफएक्स आणि गेम्स करणारी आणखी काही मुलं होती. त्यांना हवी होती फक्त एक खोली, एक प्रोजेक्टर आणि अंधार.

"पप्पा, तुमच्या मंडळाचा हॉल मिळेल का?"

"मिळेल म्हणजे? मिळालाच समज," मी म्हणालो. तिथेच खरं तर मी तोंड बंद करून घरी बसायला हवं होतं. पण मुलीनं बापाकडे आपणहून काही मागण्याचा प्रसंग वरचेवर येत नाही, आणि आला की बाप हुरळतो. मी मंडळात गेलो.

आमचं उत्कर्ष सांस्कृतिक मंडळ. अध्यक्ष खंडेराव आण्णा मूळचे विंचूरचे, कांद्याचे व्यापारी. आता कांदा मुलं बघतात आणि आण्णा संस्कृती बघतात.

"हॉल देऊ की, त्यात काय हाय!" आण्णा म्हणाले. "पण बोरस्तेसाहेब, पोराटोरांचा कार्यक्रम नका करू. माणूस हैदराबादहून येऊन ऱ्हायला. आपण परिषद करू परिषद!"

आता परिषद म्हटल्यावर तिला दिशा द्यायला तज्ज्ञ समिती हवी. हे वाक्य आण्णांचं नव्हे, माझं. नोकरीत असताना मी इतक्या समित्यांची इतिवृत्तं टाइप करून घेतली होती की समितीशिवाय काही सुरू होऊ शकतं यावर माझा विश्वासच उरला नव्हता.

समिती तिथल्या तिथे झाली. मल्हारी डेकोरेटर उठून उभा राहिला. गणपतीत आमच्या भागातले सगळे हलते देखावे त्याचे.

"साहेब, माझा कालियामर्दनाचा देखावा बघितला ना तुम्ही? नाग फणा हलवतो, कृष्ण गिरकी घेतो, नागाच्या तोंडातून धूर येतो. हलतं ते ॲनिमेशन आन् धूर निघतो ते व्हीएफएक्स. दोन्ही विभाग माझ्याकडं."

या व्याख्येत मला काही चूक सापडेना. खरं सांगायचं तर अजूनही सापडलेली नाही.

राहिले गेम्स. तो विभाग भजनी मंडळाच्या नवसाबाईंनी घेतला. "माझा नातू मोबाईलवर गेम लावल्याशिवाय घास गिळत नाही," त्या म्हणाल्या. "त्या मेल्या गेमांची नावं मला विष्णुसहस्रनामासारखी पाठ झालीत. माझ्याएवढा अनुभव आहे का इथे कुणाला?" कुणालाच नव्हता. आण्णा पदसिद्ध अध्यक्ष झाले आणि मला निमंत्रक केलं. निमंत्रक म्हणजे कार्यक्रमात ज्याच्यावर सगळे ओरडतात तो.

रात्री जेवताना मी निकिताला समितीची नावं सांगितली. तिचा घास हातातच राहिला.

"पप्पा, खैरनार सरांना फक्त फिल्म दाखवायचीये."

"अगं, परिषद होणार म्हणजे फिल्म दाखवली जाणारच की!"

पहिल्या बैठकीत फिल्म कार्यक्रमात सर्वांत वर होती. दुसऱ्या बैठकीत नवसाबाई म्हणाल्या, "दिवा लावायच्या आधी अंधार करायचा? अवदसा आठवली का?" फिल्म दीपप्रज्वलनाखाली आली. मग ती स्वागतगीताखाली गेली, कारण भजनी मंडळाच्या बायका उशिरापर्यंत थांबू शकत नव्हत्या. मग सत्काराखाली, मग तज्ज्ञांच्या मनोगताखाली. शेवटी तिच्या खाली फक्त आभारप्रदर्शन उरलं, आणि ते ओलांडून खाली जायला जागाच नव्हती म्हणून ती तिथे टिकली.

दरम्यान लाऊडस्पीकरची परवानगी काढायला मी एका कार्यालयात तीन खेपा घातल्या. तिथल्या अर्जात कार्यक्रम धार्मिक, राजकीय किंवा लग्नाचा असण्याची सोय होती. ॲनिमेशनची नव्हती. टेबलामागच्या गृहस्थांनी मला सहानुभूतीनं विचारलं, "फिल्ममध्ये आहे काय?"

"वणीचा गड आहे, माकड आहे, नारळ आहे."

"मग धार्मिक," ते म्हणाले आणि त्यांनी खूण केली. पुढच्या टेबलावरच्यानं मान वर न करता विचारलं, "मिरवणूक कुठून निघणार?" मिरवणूक नाही, हे पटवण्यात माझी दुपार गेली. मिरवणूक नसलेला धार्मिक कार्यक्रम त्याला संशयास्पद वाटत होता.

शेजारच्यांचे सल्ले तर दारातच उभे असत. ॲनिमेशनला अस्सल मराठी शब्द वापरा, असं वरच्या मजल्यावरचे सांगत. खालच्या मजल्यावरचे म्हणत की पाहुण्याला हुरडा खाऊ घाला, बाकी सगळं विसरेल. हुरड्याचा हंगाम यायला अजून अवकाश होता, पण सल्ल्याला हंगाम नसतो.

पण परिषद खरी फुगली ती सत्कारानं. पाहुण्याचा सत्कार शाल-श्रीफळ देऊन मंडळ करणार, एवढंच आधी ठरलं होतं. मग भजनी मंडळानं वेगळा सत्कार मागितला, हास्य क्लबनं मागितला, डेकोरेटर संघटनेनं मागितला. कुणालाच नाही म्हणता येत नव्हतं. आपल्याकडे माणूस जेवायला बोलावलं नाही हे एक वेळ विसरतो, पण शाल द्यायची राहिली हे विसरत नाही. त्यात आण्णांनी नवा मुद्दा काढला.

"सत्कार करणाऱ्याचा सत्कार कोण करनार? त्यो बिचारा नुसता शाल देऊन खाली बसनार का?"

मग सत्कार करणाऱ्यांचे सत्कार ठरले. नारळांचं कंत्राट मल्हारीनं घेतलं आणि आमच्या बाल्कनीत गोणी येऊन पडली. सावित्री ती ओलांडून कपडे वाळत घालायला लागली.

निमंत्रणपत्रिका छापून आली तेव्हा तिनं ती चष्मा लावून दोनदा वाचली. "पोरीचं नाव कुठंय?"

"हे काय, खाली. 'तसेच होतकरू विद्यार्थी.' त्यात आहे."

"आणि हे वरचे तज्ज्ञ कोण?"

"उरलेले सगळे," मी म्हणालो. त्या दिवशी आमटी आणखी हवी का, हे तिनं मला विचारलं नाही.

परिषदेच्या दिवशी सार्थक खैरनार अगदी वेळेवर आला. पस्तिशीचा, जीन्सवरचा साधा माणूस. खांद्याला सॅक, हातात चाकांची बॅग. तो सरळ मागे बसलेल्या मुलांकडे निघाला होता. पण मल्हारीनं त्याला वाटेतच धरलं, त्याची बॅग काढून घेतली आणि त्याला व्यासपीठावर नेऊन बसवलं. तज्ज्ञ, उपतज्ज्ञ आणि सत्कारमूर्ती मिळून व्यासपीठावर इतके झाले होते की समोर मुलांखेरीज कुणी उरलंच नव्हतं. मुलंही मागे, कारण पुढच्या रांगा मान्यवरांसाठी राखून ठेवल्या होत्या आणि सगळे मान्यवर वर होते.

समई विझू नये म्हणून पंखे बंद केले. मग घामाघूम स्वागतगीत झालं. मग सत्कार सुरू झाले. सार्थकच्या खांद्यावर पहिली शाल पडली तेव्हा तो हसला. तिच्यावर दुसरी, तिसरी पडत गेली तसा तो दिसेनासा होत गेला. मिळालेला प्रत्येक नारळ मल्हारी अदबीनं त्याच्या हातातून घेई आणि पडद्यामागे नेई. आण्णांनी मनोगतात कांदा आणि ॲनिमेशन यांचा संबंध सांगितला. तो ऐकताना पटला होता, आता आठवत नाही. नवसाबाईंनी गेम्सच्या परिषदेत गेम्सवर अशी काही तोफ डागली की टाळ्यांनी हॉल दणाणला. सगळ्यात जोरात टाळ्या गेम बनवणाऱ्या मुलांनीच वाजवल्या, कारण भाषण संपलं होतं.

मी घड्याळाकडे बघत होतो. निकिता प्रोजेक्टरजवळ लॅपटॉप जोडून कधीची उभी होती. अखेर मी माइकवर गेलो आणि जाहीर केलं, "आता आपण एक फिल्म पाहू या." दिवे गेले. पडद्यावर गड उजळला.

"थांबा!" मल्हारी ओरडला. "त्याच्या आधी विभागाचं प्रात्यक्षिक हाय!"

त्यानं बाजूचा पडदा ओढला. मागे अख्खं कालियामर्दन उभं होतं. त्यानं बटण दाबलं. नागानं एकदा फणा हलवला, कृष्णानं अर्धी गिरकी घेतली आणि नागाऐवजी भिंतीवरच्या मीटरपेटीतून धूर निघाला. गड, माकड, नाग, कृष्ण सगळे एकदम अंधारात गेले.

वायरमनचा फोन लागेना. खिडक्या उघडल्या. त्या उजेडात आभारप्रदर्शन तेवढं झालं, कारण आभाराला वीज लागत नाही. ते इतकं सविस्तर झालं की संपलं तेव्हा सार्थकची निघायची वेळ टळत आली होती. "मुलांचं काम बघायचं राहिलं," तो मला म्हणाला. "लिंक पाठवायला सांगा सगळ्यांना. ढीग असतो लिंकांचा, पण बघेन."

निकितानं हे ऐकलं. ती नुसती वायर गुंडाळत राहिली. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. एवढी वर्षं विमानं हवेत सोडणाऱ्या कारखान्यात काढली आणि पोरीची एक छोटी फिल्म मला पडद्यावर सोडता आली नाही.

"मी सोडतो साहेबांना ओझरला. निकिता, चल तूही," मी म्हणालो. वाटेत गाडीत ती फिल्म दाखवेल, असा माझा बेत होता. पण द्वारका चौक ओलांडायच्या आतच सार्थकला स्टुडिओचा फोन आला. तिकडे कुठल्याशा ड्रॅगनचं शेपूट बिघडलं होतं. ओझर येईपर्यंत तो शेपूटच दुरुस्त करत होता आणि मागच्या सीटवर निकिता लॅपटॉप मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होती.

विमानतळाच्या दारात सार्थकनं घाईघाईनं हात मिळवला. आत शिरताना दारावरच्या जवानानं तिकीट बघितलं, मग बॅग बघितली. बॅग पोट फुगल्यासारखी दिसत होती.

"नारियल है क्या इसमें?" त्यानं विचारलं.

"नाही," सार्थक म्हणाला.

"आहेत," मी मागून म्हणालो. मल्हारीचा पाहुणचार मला ठाऊक होता. त्यानं एकेक नारळ एकेका शालीत गुंडाळून बॅगेत कोपऱ्याकोपऱ्यात बसवला होता, मूर्ती बसवतात तसा. विमानात अख्खा नारळ चालत नाही. आधी काढा, मग आत या, असं जवानानं सांगितलं.

आम्ही बाजूला आलो. सार्थक घड्याळ बघत खाली बसू लागला.

"तुम्ही नका वाकू, साहेब. मी काढतो," मी म्हणालो आणि फुटपाथवर मांडी घातली. मग निकिताकडे बघितलं. ती माझीच मुलगी. तिनं ट्रॉलीवर लॅपटॉप ठेवला, उघडला आणि म्हणाली, "सर, पप्पांचं होईपर्यंत बघता?"

दुसरं करण्यासारखं त्याला काही नव्हतं. तो बघायला लागला.

मी पहिली शाल उलगडली, नारळ बाहेर ठेवला, शालीची घडी घातली, घडीला घडी जुळवली. दुसरी उलगडली. तिसऱ्या शालीनंतर माझ्या लक्षात आलं की नारळ संपत आले आणि माकडानं अजून पिशवीला हात घातलेला नाही. मग मी आयुष्यात पहिल्यांदा अफरातफर केली. काढलेला एक नारळ हळूच शालीत गुंडाळला, बॅगेच्या तळाशी सरकवला आणि "अरेच्चा, इथे पण आहे!" म्हणून पुन्हा काढला. तोच नारळ मला वेगवेगळ्या कोपऱ्यांत सापडत राहिला. जवान हे बघत होता. त्यानं एकदा लॅपटॉपकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि तो दुसरीकडे बघायला लागला.

नारळ गुंडाळता गुंडाळता मीही मान उंच करून बघितलं. मी ती फिल्म तेव्हा पहिल्यांदा पाहिली. माकडानं नारळ पळवला. म्हातारा मागे धावला, चप्पल निसटली, धोतर सावरत तो पडता पडता वाचला. आणि मग त्यानं एक हात कमरेवर ठेवून आजूबाजूला बघितलं, आपल्याला पडताना कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून. कुणी बघत नाही अशी खात्री करून घेऊन त्यानं खाकरून घसा साफ केला आणि चालायला लागला, जणू नारळ त्यानंच माकडाला दिला होता.

तो मी होतो. चाल माझी, खाकरणं माझं, कमरेवरचा हातसुद्धा माझा. दार बंद करून माझी पोरगी वर्षभर मला काढत बसली होती.

सार्थक मोठ्यानं हसला. दिवसभर शहरी मराठीत बोलणारा तो माणूस एकदम आपल्या गावाकडच्या अहिराणीवर आला. "लई भारी शे! सकायले काबर नही दखाडं?"

सकाळी का नाही दाखवलं? निकितानं माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात नारळ होता. मी खाकरलो.

सार्थकनं चमकून माझ्याकडे बघितलं, मग स्क्रीनकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "म्हाताऱ्याची चाल कुठून आणलीस, हे विचारणारच होतो," तो निकिताला म्हणाला. "आता नाही विचारत. सोमवारी फोन कर. लिंक नको पाठवू, थेट फोन कर."

तो आत गेला. निकितानं फुटपाथवर बसून मला नारळ गोळा करायला मदत केली.

"कसा वाटला म्हातारा?" तिनं विचारलं.

"धोतर नको होतं," मी म्हणालो. "बाकी छान आहे गं. फार छान आहे." एवढं बोलायला मी एवढे दिवस लावले याचं मला तिथे फार वाईट वाटलं, आणि तसं मी तिला सांगितलंही.

दिवाळीच्या आधी तिला हैदराबादचं काम मिळालं. मंडळात आढावा बैठक झाली. परिषद यशस्वी झाली ती तज्ज्ञ समितीनं दिलेल्या अचूक दिशेमुळेच, असा ठराव टाळ्यांच्या गजरात संमत झाला. नवसाबाईंनी गेम्स विभागाचं काम समाधानकारक असल्याचं नमूद करून घेतलं.

निकिता निघाली त्या दिवशी विमानतळाच्या दारात अख्खी समिती हजर होती. आण्णांनी शाल दिली, नवसाबाईंनी तिला जवळ घेऊन डोळे पुसले, मल्हारीनं नारळ दिले. "लेक परमुलखात चालली, रिकाम्या हातानं कशी धाडायची?" तो म्हणाला आणि त्यानं ते स्वतःच्या हातानं तिच्या बॅगेत बसवले. सावित्रीनं तिच्या हातात जेवणाचा डबा दिला. सगळे पांगले, आणि मी बॅग बाजूला ओढून फुटपाथवर मांडी घातली.

पहिली शाल उलगडली, नारळ बाहेर ठेवला, घडी घातली. दुसरी उलगडली. घडीला घडी जुळवली. निकिता माझ्याजवळ उकिडवी बसली होती. दारातल्या रांगेतली माणसं एकेक करून आत जात होती.

"पप्पा," ती हळूच म्हणाली, "हा मघाचाच नारळ आहे."

"असेल," मी म्हणालो, आणि तो पुन्हा शालीत गुंडाळायला घेतला.